वाघ्या नऊ दिवस जेवला नाही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घराला लागून त्यांचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. यजमान नोकरीनिमित्त मुंबईला असतात. दिवाळीला घरी येताना त्यांनी बारा वर्षांच्या मुलासाठी तीन फुटी काचेची टाकी आणि क्लाउनफिशची जोडी आणली. टाकीत समुद्राचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला, मोठ्या ओहोटीत आजोबांबरोबर खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ भागात, गेलेल्या मुलाला एका डबक्यात हेकरू या शिकारी माशाचं सहा इंची पिल्लू दिसलं. "अडकलं होतं म्हणून वाचवलं" असं म्हणत त्याने ते बादलीतून घरी आणलं आणि त्याच टाकीत सोडलं. अंगावर पट्टे म्हणून नाव ठेवलं वाघ्या. सकाळी दोन्ही क्लाउनफिश गायब. त्यानंतर आज नऊ दिवस वाघ्याने काही खाल्लेलं नाही. पाहुण्यांना शिकार बघायची हौस, म्हणून विहिरीतले गप्पी मासे आणून टाकले. ते तडफडून मेले, वाघ्याने ढुंकून पाहिलं नाही. ताई रोज कमी झालेलं पाणी समुद्राच्या पाण्याने भरून काढतात आणि फिल्टरचा स्पंज एक दिवसाआड नळाखाली स्वच्छ धुतात. कालपासून वाघ्या कोपऱ्यात बसून कल्ले भराभर हलवतो आहे. सासरे म्हणतात, "समुद्राचं समुद्राला देऊन टाका." मुलगा रडकुंडीला आला आहे. ताईंचा प्रश्न असा: शिकारी मासा आहे, त्याला जिवंत काय घालू म्हणजे तो खाईल? नाहीच खाल्लं तर सोडून देऊ का?

ताई,

आज त्याला काहीही खायला घालू नका. उपासाबद्दल तुम्ही पान भरून लिहिलंत आणि कल्ले भराभर हलतात हे शेवटी एका ओळीत. मला ती एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. हेकरूला नऊ दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही. कल्ले मात्र तासातासाला बघावे लागतात.

तेव्हा आधी आजचं काम. टाकीतलं मेलेलं, कुजकं, उरलेलं सगळं काढा. हवेचा पंप पूर्ण जोरात ठेवा. टाकीतलं एक तृतीयांश पाणी, म्हणजे साधारण पन्नास लिटर, नळीने तळापासून ओढून काढा आणि तेवढंच स्वच्छ समुद्राचं पाणी हळूहळू घाला. नवं पाणी टाकीशेजारी ठेवा आणि दोन्हींची ऊब सारखी झाली की मगच घाला. परवा पुन्हा हेच करा. आता हे सगळं का, ते निवांत सांगते. तुमच्यासारखी पत्रं मला मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धनहूनही येतात आणि बहुतेकांच्या टाकीत हीच दोन-तीन कारणं निघतात.

तुम्ही लिहिता, "रोज ताजं समुद्राचं पाणी घालते, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही." ताई, इथेच थोडं थांबून बघू. टाकीतलं पाणी कमी कशाने होतं? वाफ होऊन. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. मिठागरात हेच तर करतात. तुमच्या टाकीत दगड, वाळू वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी आहे. समुद्राच्या एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ धरलं तर पहिल्या दिवशी टाकीत सव्वापाच किलो मीठ होतं. रोज दोन लिटर वाफ झाली आणि दोन लिटर समुद्राचं पाणी तुम्ही वरून घातलंत, तर दहा दिवसांत सातशे ग्रॅम मीठ वाढलं. आता तिथे लिटरमागे जवळजवळ चाळीस ग्रॅम आहे. असंच चालू राहिलं तर महिन्याभरात टाकीचं मिठागर होईल. म्हणून वाफ झालेलं पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरायचं आणि घाण पाणी बदलताना समुद्राचं पाणी घालायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. आज आणि परवा पन्नास-पन्नास लिटर बदललंत की खारटपणा आपोआप ३७च्या आसपास उतरेल. पुढचं गोडं पाणी रोज थोडंथोडं घाला. एका दिवसात खाली आणायला जाऊ नका, तो धक्का माशाला सोसत नाही.

खारटपणा जिभेने कळत नाही. काचेचा तरंगता हायड्रोमीटर मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. त्यावर १.०२३ ते १.०२६ च्या मध्ये रेघ आली पाहिजे. पिण्याचं पाणी तपासायचा पेनासारखा टीडीएस मीटर इथे चालत नाही. समुद्राचं पाणी त्याच्या मापाबाहेरचं आहे.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही आणि कल्ले हलतात ते बहुधा त्यानेच. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. कुजलेल्या अन्नातून, मेलेल्या गप्पींतून आणखी येतो. समुद्रात तो विरून जातो, टाकीत साठतो. त्याची विल्हेवाट लावणारे जीवाणू स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वस्ती करतात. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की तेही जातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं घातलं त्याच दिवशी वाढत नाहीत, मुरू देतात. टाकीही मुरावी लागते. तुमच्याकडे टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी त्यात शिकारी मासा आला. त्यातून जे चार जीवाणू स्पंजवर बसत होते ते तुम्ही दर दोन दिवसांनी नळाखाली धुऊन टाकलेत.

यात तुमची काही चूक म्हणत नाही. स्वच्छ घरातली बाई स्पंज काळा पडलेला बघू शकत नाही. मीही हे केलं आहे. पावसाळ्यानंतर आमच्या गावच्या विहिरीत जंतू मारायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली होती. त्याच पाण्याने मी दोन वर्षं मुरलेल्या टाकीचा स्पंज खळखळून धुतला. तिसऱ्या सकाळी पाण्याला नेहमीचा वास नव्हता, एक मासा तळाशी आडवा होता आणि दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होता. पाणी तर आरशासारखं स्वच्छ होतं. त्या दिवसापासून मी स्पंज धुते तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोनदा पिळला की पुरे, आणि तेही महिन्यातून एखादवेळी. काळपटपणा राहू द्या, तोच कामाचा आहे.

खाऱ्या पाण्यासाठीचा अमोनियाचा टेस्ट किट लगेच मागवा. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि आपल्याकडे पाणी उबदार, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा अमोनिया चालून जातो तेवढाच इथे जास्त बाधतो. इथे आकडा शून्यच हवा. किट येईपर्यंत अमोनिया आहे असंच धरून चाला.

पाणी कुठून आणता तेही बघा. खाडीच्या तोंडाशी नको, जेटीजवळ नको. होड्यांचं डिझेल पाण्यावर इंद्रधनुष्यासारखं पसरलेलं असतं, ते कॅनमध्ये येतं. भर भरतीला उघड्या खडपावरून घ्या, चौपदरी सुती पंचाने गाळा (साबणाचा अंश राहिलेला नको), आणि झाकणाच्या स्वच्छ ड्रममध्ये दोन दिवस ठेवा (आजच्या घाईत मात्र तेवढं थांबू नका). पावसाळ्यात तर किनाऱ्याचं पाणी नदीनाल्यांनी पार पातळ होतं. तेव्हा मापल्याशिवाय एक तांब्याही घालू नका. मेअखेर ड्रम भरून ठेवा किंवा दुकानातलं सागरी मीठ कालवा. स्वयंपाकाचं मीठ कधीच नको.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. शिकारी आहे म्हणजे जिवंतच खाणार, हे गृहीत धरूनच तुम्ही पत्र लिहिलं आहे. पण वाघ्याने पहिल्या रात्री काय केलं ते आठवा. दोन क्लाउनफिश. सहा इंची हेकरूला हे श्राद्धाचं जेवण झालं. हा मासा शिकारीमागे धावणारा नाही. तो कपारीत बसतो, समोरून काही गेलं की एका झटक्यात तोंड उघडतो. तोंडात पोकळी होते, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर भक्ष्य. चावणं नाही, फाडणं नाही. म्हणून तर सकाळी एक खवलाही सापडला नाही तुम्हाला. असं एकदा पोट भरलं की तो दिवसचे दिवस बसून राहतो. त्याचं रक्त थंड, आपल्यासारखी रोजची शेगडी पेटती ठेवावी लागत नाही.

शिवाय आत्ता त्याला बसायला कपारच नाही. टाकी हॉलच्या मधोमध, चारही बाजूंनी उघडी, वर निळा दिवा, समोर पाहुण्यांचे मोबाईल. हेकरूच्या दृष्टीने तो मैदानात उभा आहे. कोपऱ्यात बसला तो रुसून नाही, आडोसा शोधून. मागची आणि दोन्ही बाजूंची काच काळ्या कागदाने बाहेरून झाका. चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, कडा घासून, आत आडवा ठेवा. शोभेचा नाही, पण मी बघितलेल्या प्रत्येक हेकरूने तासाभरात तो आपलासा केला आहे. दगड रचायचे तर काळा कातळ ठेवा, तळाशी घट्ट बसवून. जांभा नको, त्याची तांबडी माती सुटत राहते. दिवा दोन दिवस बंद ठेवा. टाकीला झाकण हवंच, बिचकलेला मासा उडी मारतो.

गप्पी पुन्हा टाकू नका. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याने सोडलेले ते मासे, त्यांना विहिरीतच राहू द्या. एकदम खाऱ्या पाण्यात ते तडफडून मरतात आणि कुजून अमोनिया वाढवतात. समजा वाघ्याने खाल्लेच असते, तरी गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगात समुद्रातल्या शिकाऱ्याला लागणारी चरबी नसते. महिनोन्‌महिने त्यांच्यावर पोसलेल्या माशांचं यकृत बिघडतं, वरून मासा गुबगुबीत दिसतो आणि एक दिवस अचानक जातो.

तुमच्या दारात मासळीवाली येते, तिच्या पाटीतच वाघ्याचं जेवण आहे. सोललेली ताजी कोळंबी, माकूल (स्क्विड), तिसऱ्यांचं मांस, कधी कुर्लीचा तुकडा. बर्फाचं पाणी धुऊन टाका, शेंगदाण्याएवढे तुकडे करा आणि आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातले बरेच परजीवी मरतात. लागेल तेवढंच काढून वितळवा. मांदेली आणि तारली या कुळातल्या बऱ्याच मासळीत थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं. ते ब जीवनसत्त्वातलं थायमिन नासवतं, गोठवूनही जात नाही. म्हणून ही मासळी कधीमधी चालेल, रोज नको. खारवलेलं सुकट तर मुळीच नको. एकच एक पदार्थही नको, आज कोळंबी तर परवा माकूल.

भरवायचं कसं तेही सांगते, कारण इथेच लोक घाई करतात. कल्ले शांत झाले आणि फ्रीजरमधल्या तुकड्यांना आठवडा झाला की दिवेलागणीची वेळ धरा. हॉलमधला मोठा दिवा मालवा. माडाच्या झावळीची एक लांब हीर घ्या, टोक बोथट करा, त्यावर कोळंबीचा तुकडा सैलसर खोचा. टाकीत हळूच सोडा, पाइपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आणि तुकडा त्याच्याकडे नेऊ नका. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या तोंडाकडे चालत येत नाही. आडवा हलवा, थांबा, पुन्हा दोन बोटं लांब न्या. आधी त्याचे डोळे फिरतील. अंग हलणार नाही, फक्त डोळे, एक एक स्वतंत्र. मग पाठीवरचे काटे थोडे उभे राहतील. तेवढं दिसलं की हीर स्थिर धरा. पुढचं तुम्हाला दिसणारही नाही, तुकडा हिरेवर नसेल एवढंच. दहा मिनिटांत काही झालं नाही तर तुकडा काढून घ्या आणि परवा पुन्हा. खायला लागला की एक दिवसाआड तीन-चार तुकडे. पोट किंचित गोल दिसलं की थांबा, मागेल तेवढं घालू नका. हेकरू मागतच राहतो.

हे सगळं करूनही कल्ले तसेच राहिले, डोळे धुरकट झाले, दगडाला अंग घासू लागला किंवा अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले, तर तो आजार आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर तांब्याचं औषध चालतं. पण ते वेगळ्या टाकीत, तांबं मोजायच्या किटसह आणि जाणकाराला विचारूनच. शिंपले, खेकडे, प्रवाळ यांना तांबं मारतं आणि असं औषध दिलेला मासा पुढे कधी खाण्यात येता कामा नये.

आता सोडण्याबद्दल. तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि तरीही मी आज सोडू नका म्हणते. वाघ्या एकटाच असता, त्याच समुद्राच्या पाण्यात दोन-चार दिवस राहिला असता, तर मी लिहिलं असतं की आजच त्याच डबक्यात परत नेऊन सोडा. पण तो मुंबईच्या दुकानातून आलेल्या क्लाउनफिशच्या पाण्यात राहिला आणि ते त्याच्या पोटात गेले. दुकानातल्या टाक्यांत कुठकुठले मासे एकत्र येतात. त्यांच्याबरोबर आलेला रोग किंवा परजीवी वाघ्याच्या अंगावर असू शकतो आणि तो आपल्या खडपावर सुटला तर मागे घेता येत नाही. ज्या वाचकांना खडपावरचं काही चार दिवस बघून परत सोडायचं असेल, त्यांनी ते स्वतंत्र भांड्यात, स्वतंत्र जाळी-नळी वापरून ठेवावं, दुकानाच्या पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. आणि दुकानातून आणलेलं काहीही समुद्रात सोडू नये. लायनफिश हा आपल्या हिंदी आणि पलीकडच्या प्रशांत महासागरातला मासा. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला, पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरला आणि तिथली लहान मासळी त्याने ओरबाडली. तो तिथे पोचला, यात पाळीव मासे समुद्रात सोडणाऱ्यांचा मोठा हात मानतात.

अजून एक गोष्ट तुमच्या मुलाला हळूच सांगायला हवी. वाघ्या अडकला नव्हता. सहा तासांनी भरती येऊन त्याचं डबकं भरणारच होतं. हेकरूची पिल्लं खडपात, कांदळवनात, खाडीत वाढतात. मोठ्या माशांपासून लपायची ती त्यांची जागा. मुलाने वाईट हेतूने आणलं नाही, त्याला माया आली म्हणून आणलं. पण डबक्यात दिसलेला मासा संकटातच असतो असं नाही, हे त्याला आजोबांकडून कळलं तर छान. लक्ष्मीपूजनाच्या उधाणाच्या ओहोटीला जी डबकी उघडी पडतात ती अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, दिसतही नाहीत, हे आजोबांइतकं कोण सांगणार त्याला?

म्हणजे वाघ्या तूर्त तुमच्याकडे राहणार. पण किती दिवस, ते आजच ठरवा. त्याच्या अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके भरपूर असतील तर तो हेकरूच्या त्या जातीचा आहे जी मीटरभरापेक्षाही मोठी होते आणि वीसेक वर्षं जगते. नुसते गडद उभे पट्टे असतील तर तो आपल्याकडच्या ट्रॉलरांना नेहमी मिळणारा लहान हेकरू असू शकतो, तो अर्धा मीटर. तुमची टाकी दीड फूट रुंद आहे. चांगलं खाऊ लागला तर वर्ष-दीड वर्षात तो फूटभर होईल आणि त्याला नीट वळताही येणार नाही. "टाकीएवढाच वाढतो" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, मलाही पत्रांतून नेहमी सांगतात. ते खरं नाही. अडचणीत ठेवलेला मासा खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. त्याच्या टाकीत दुसरा मासाही घालू नका, तोंडात मावेल ते सगळं तो अन्नच समजणार.

माझं मत विचाराल तर त्याची लांबी वीतभर झाली की त्याने तुमच्याकडून जायचं, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा आणि टाकीवर पट्टी चिकटवून खूण करा. त्यासाठी जागा आतापासून शोधा. रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. फोन करून विचारा. बादली घेऊन थेट दारात जाऊ नका, त्यांनी घ्यायलाच हवा असं नाही. हजार लिटरच्या वरची टाकी सांभाळणारा एखादा हौशी माणूस भेटला तर त्याची टाकी स्वतः बघून या. आणि कुठेच जागा मिळाली नाही, तांब्याचं औषध दिलेलं नसलं, तर तो एक दिवस तुमच्या घरच्या तव्यावर आला तरी मी तुम्हाला निष्ठुर म्हणणार नाही. खाऊन-पिऊन वाढलेला मासा झटक्यात जाणं हे अमोनियात आठवडाभर गुदमरण्यापेक्षा कितीतरी बरं. हे मुलाला सांगायचं की नाही आणि कधी, ते तुम्ही ठरवा. बारा वर्षांचा, गरी टाकणाऱ्या आजोबांचा नातू आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याला जास्त समजत असेल.

पाहुण्यांचं स्पष्टच लिहिते. शिकारीचा खेळ बंद करा. काचेवर टकटक करू नये अशी पाटी लावा. मुख्य म्हणजे हॉलमध्ये डास मारायचा फवारा मारू नका, मशिनही दुसऱ्या खोलीत न्या. त्यांतली बहुतेक औषधं माशांना अतिशय विषारी असतात आणि तुमचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. पंपाच्या वायरला प्लगच्या खाली एक झोका ठेवा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. बॅटरीवरचा एक पंपही घेऊन ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. टाकीतला मासा वाऱ्यावर जगत नाही, काही तासांतच प्राणवायू कमी पडायला लागतो.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. पिवळ्या अंगावर काळे ओबडधोबड पट्टे असलेलं हेकरूचं पिल्लू दिसलं तर हातही लावू नका. ते महाकाय हेकरूचं असू शकतं आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रघोडा आणि दगडी प्रवाळ यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून टाकी सजवायला खडपावरचं प्रवाळ उचलू नका. मालवणच्या मंडळींनी हेही लक्षात ठेवावं की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं डबकं घराजवळ असलं तरी आपलं नाही.

आणि ताई, मुलाचं नाव ठेवणं चुकलं नाही, पण एक गंमत त्याला सांगा. हेकरूच्या कुळातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि बरेच मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. सहा इंचांचा वाघ्या आज तरी वाघीण आहे. त्याला एक वही करून द्या. रोज संध्याकाळी हायड्रोमीटरचा आकडा, अमोनियाचा रंग, मिनिटाला कल्ले किती वेळा हलले आणि खाल्लं का, एवढं त्याने लिहायचं. कल्ले मोजायला घड्याळ आणि शांत बसलेला मुलगा, दोन्ही लागतात.

पुढच्या वेळचे पाण्याचे कॅन आजोबांबरोबर त्रिपुरी पौर्णिमेच्या भरतीला भरून आणा. त्या दिवशी पाणी खडपावर चांगलं वर चढतं आणि वाकून भरावं लागत नाही. दोन्ही वेळा पाणी बदलल्यावर अमोनियाचा आकडा आणि कल्ल्यांची मोजणी मला कळवा. त्याने अजून खाल्लं नसलं तरी कळवा.